एआरटीची घाई आणि पाठीतले पाणी: एचआयव्ही कार्यक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
एचआयव्ही कार्यक्रमांचे संचालक, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समित्यांचे सदस्य आणि एआरटी केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी

विषय: क्रिप्टोकॉकल मेंदूज्वराच्या रुग्णांत एआरटी कधी सुरू करावी आणि त्या काळात पेशींचे आकडे कसे वाचावेत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

एचआयव्हीचे निदान झाल्यापासून सात दिवसांच्या आत, आणि रुग्ण तयार असेल तर त्याच दिवशी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१७ पासूनचे धोरण आहे. त्याला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे त्यावरून निघालेल्या एका रकान्याबद्दल आहे. ‘निदानापासून एआरटीपर्यंतचे दिवस’ हा रकाना जिथे सरसकट सगळ्यांना लावला जातो, तिथे क्रिप्टोकॉकल मेंदूज्वराचा, म्हणजे क्रिप्टोकॉकस या बुरशीने होणाऱ्या मेंदूज्वराचा, रुग्ण नियमाप्रमाणे थांबवला तरी ‘उशीर’ म्हणून मोजला जातो. या रुग्णांसाठी बुरशीविरोधी औषध सुरू झाल्यापासून चार ते सहा आठवडे थांबा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांतच लिहिलेले आहे. म्हणजे सूचना पाळणाऱ्या केंद्राचा आकडा बिघडतो आणि मोडणाऱ्याचा सुधारतो. सब घोडे बारा टक्के हा हिशेब इथे रुग्णाच्या जीवावर बेततो. तो का बेततो, हे पेशींच्या अंगाने सांगण्यासाठी हे पत्र आहे.

लवकर सुरू करण्याची सवय चुकीच्या जागेवरून आलेली नाही. न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारख्या संधिसाधू आजारांत दोन आठवड्यांच्या आत एआरटी दिलेली बरी, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. फुप्फुसाच्या क्षयातही सीडी४, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या पांढऱ्या पेशींचा रक्तातला आकडा, पन्नासच्या खाली असेल तर लवकर सुरू केल्याने रुग्ण वाचतात. तोच न्याय मेंदूला लावला गेला आणि तिथे फसला. झिम्बाब्वेतल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात ७२ तासांच्या आत एआरटी मिळालेले रुग्ण दहा आठवडे थांबवलेल्यांपेक्षा जास्त दगावले. त्या रुग्णांना बुरशीवर फक्त फ्लुकोनॅझोल मिळत होते, म्हणून शंकेला जागा होती. ती जागा कोट (COAT) नावाच्या चाचणीने बंद केली. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतले १७७ रुग्ण, सगळ्यांना अॅम्फोटेरिसिन आणि फ्लुकोनॅझोल. निम्म्यांना एक ते दोन आठवड्यांत एआरटी, निम्म्यांना पाच आठवड्यांनी. २६ आठवड्यांतले मृत्यू लवकरच्या गटात ४५ टक्के, थांबलेल्या गटात ३० टक्के. चाचणी २०१२ मध्येच थांबवावी लागली आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या चाचणीतली एक ओळ या पत्राच्या केंद्रस्थानी आहे. ज्यांच्या पाठीतल्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये, पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर पाचपेक्षा कमी होत्या, त्यांच्यात लवकर एआरटी दिल्यास मृत्यूचा धोका जवळजवळ चौपट होता. बुरशी साफ होण्याचा वेग मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. नोंदवलेल्या ‘आयरिस’मध्येही, म्हणजे परतणाऱ्या प्रतिकारशक्तीने पेटवलेल्या दाहाच्या निदानातही, ठळक फरक नव्हता. जादाचे मृत्यू साधारण दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात झाले. औषध तेच, बुरशीचा भार तोच, आणि तरी माणसे गेली. फरक पडला तो पेशींनी.

आता त्या पाण्यातले दृश्य. जिवाणूंच्या मेंदूज्वरात मोजणीच्या काचेवर पांढऱ्या पेशींची गर्दी असते, शेकड्यांनी, हजारांनी. क्रिप्टोकॉकस झालेल्या, सीडी४ तीस-चाळीसवर आलेल्या रुग्णाचे पाणी नितळ दिसते. काचेवर दोन पांढऱ्या पेशी सापडतात, कधी एकही नाही. तेच पाणी शाईत मिसळून पाहिले की काळ्या पार्श्वभूमीवर भोवती स्वच्छ कडे असलेले गोल बुरशीकण दिसू लागतात आणि संपत नाहीत. मिलिलिटरमागे लाखांनी जिवंत बुरशी आणि तिच्याशी लढायला दोन पेशी, ही या आजाराची खरी अवस्था आहे. ‘पाणी स्वच्छ आहे, पेशी नॉर्मल आहेत’ असा शेरा वाचून निर्धास्त होणारा डॉक्टर इथेच चकतो. या रुग्णात नॉर्मल आकडा म्हणजे अनुपस्थिती.

पेशी येत का नाहीत? क्रिप्टोकॉकसला मारण्याचे मुख्य काम मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, आणि मेंदूतल्या तशाच मायक्रोग्लिया यांचे. पण त्यांना मारण्याचा हुकूम मिळतो तो सीडी४ पेशींकडून, इंटरफेरॉन-गॅमा या संदेश-प्रथिनाच्या रूपात. हा हुकूम आला नाही तर मॅक्रोफेज बुरशी गिळतात पण पचवत नाहीत. बुरशी त्यांच्या आतच वाढते आणि त्यांच्या पाठीवर बसून मेंदूपर्यंत पोहोचूही शकते. इंटरल्युकिन-४ आणि १३ या दुसऱ्या संदेशांचा जोर असेल तर मॅक्रोफेज दुसऱ्याच वळणाला लागतात आणि बुरशीला आसरा देतात. त्यात बुरशीचे कवच. ते ग्लुक्युरोनोझायलोमॅनन नावाच्या साखरेचे असते, ती साखर पाण्यात झडत राहते, पांढऱ्या पेशींचे स्थलांतर दाबते आणि पाण्याचा निचराही तुंबवते. डोक्यातला दाब वाढतो तो बराचसा या तुंबण्यामुळे. ज्यांच्या पाण्यात सुरुवातीलाच इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ बऱ्यापैकी आहेत त्यांची बुरशी लवकर साफ होते आणि ते जगण्याची शक्यता जास्त असते. दक्षिण आफ्रिकेत ९० रुग्णांच्या चाचणीत इंटरफेरॉन-गॅमाची इंजेक्शने जोडल्यावर बुरशी वेगाने घटली होती. हे औषध सर्रास वापरात आलेले नाही, पण खोट नेमकी कुठे आहे ते त्यातून कळते.

सीडी४ नसताना पाण्यात ज्या थोड्या पेशी असतात त्यांत सीडी८ पेशींचा वाटा मोठा असतो. त्या आणि एनके पेशी बुरशीला थेटही मारू शकतात, पण हा किल्ला त्या एकट्या लढवू शकत नाहीत.

या अवस्थेत एआरटी सुरू झाली की काय होते? डोल्युटेग्राव्हिरसारख्या औषधांवर विषाणू पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने खाली येतो. रक्तातल्या सीडी४ पेशीही वाढलेल्या दिसतात. इथे मेख आहे. पहिल्या आठवड्यांतली ही वाढ नव्या पेशींची कमी आणि लसिका ग्रंथींत अडकून पडलेल्या जुन्या स्मृतिपेशी रक्तात परतल्याची जास्त असते. थायमसमधून येणाऱ्या नव्या, कोऱ्या पेशींना महिने लागतात. तेव्हा चौथ्या आठवड्यात ३० चे ९० झाले तर प्रतिकारशक्ती तिप्पट झाली असे मुळीच नाही. ज्या परत आल्या त्यांतल्या काही मात्र बुरशी ओळखतात, आणि समोर प्रतिजनाचा, म्हणजे शरीराला ओळखू येणाऱ्या बुरशीच्या अंशांचा, डोंगर साचलेला असतो. इतके दिवस हुकूम नसलेल्या मोनोसाइट (मॅक्रोफेजचे रक्तातले रूप) आणि मॅक्रोफेजना एकदम हुकूम मिळतो आणि दाह सुरू होतो, तोही कवटीच्या बंद पेटीत, जिथे दाब आधीच वाढलेला आहे.

कोट चाचणीतल्या रुग्णांच्या पाण्याच्या पुढच्या तपासण्यांत हेच दिसले. लवकर एआरटी मिळालेल्यांच्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढल्या, आणि मॅक्रोफेज चेतवले गेल्याच्या खुणा, म्हणजे विरघळलेले सीडी१४ आणि सीडी१६३, वर गेल्या. विशेषतः ज्यांचे पाणी आधी कोरडे, म्हणजे पेशींविना, होते त्यांच्यात. एआरटीपूर्वी पाण्यात पेशी आणि प्रथिने कमी असणे ही पुढे आयरिस होण्याची पूर्वसूचना आहे, हे २०१० पासून माहीत आहे. आयरिस झाला म्हणजे रुग्णाची प्रतिकारशक्ती चांगली परतली, असा एक समज रूढ आहे. तो अर्धवट आहे. सुरुवातीला ज्याची प्रतिक्रिया सगळ्यात दुबळी, त्याचाच भडका पुढे मोठा, कारण दुबळेपणामुळे बुरशी आणि तिचे कवच साचत गेलेले असते.

म्हणून चार ते सहा आठवडे. या काळात बुरशी मरते, प्रतिजनाचा साठा उतरतो, दाब आटोक्यात येतो. एआरटी सुरू करताना पाण्यातून जिवंत बुरशी अजून उगवत असेल तर आयरिसचा धोका वाढतो. पण थांबणे म्हणजे नुसते बसणे नव्हे, आणि इथे आम्हाला आमच्याच व्यवसायबंधूंना चार शब्द सुनवायचे आहेत.

या आठवड्यांचे मोल औषधावर ठरते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँबिशन चाचणीनंतर (८४४ रुग्ण, दहा आठवड्यांतले मृत्यू २४.८ टक्के, जुन्या पद्धतीत २८.७ टक्के) शिफारस अशी आहे: लायपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन किलोमागे दिवसाला १०० मिलिग्रॅम चार भागांत आणि फ्लुकोनॅझोल दिवसाला १२०० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या रुग्णाला म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या दहा कुप्या एकदाच, आणि फ्लुसायटोसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या रोज दहा गोळ्या: तीन, दोन, तीन, दोन. फ्लुसायटोसिन नाही म्हणून नुसत्या फ्लुकोनॅझोलवर चार आठवडे काढले तर पाचव्या आठवड्यात पाणी निर्जंतुक झालेले असेलच असे नाही, आणि मग थांबण्याचा अर्थच जातो. जो कार्यक्रम ‘थांबा’ सांगतो त्याने फ्लुसायटोसिनचा साठा ठेवणे हा त्याच वाक्याचा उरलेला भाग आहे.

दुसरी गोष्ट दाबाची. रुग्ण कुशीवर झोपलेला, पाय सैल केलेले आणि मॅनोमीटरचा शून्य सुईच्या पातळीवर, तरच आकडा खरा. बसवून घेतलेला दाब खोटा जास्त येतो. मॅनोमीटर नसेल तर निर्जंतुक नळी उभी धरून पाणी किती सेंटिमीटर चढले ते टेपने मोजता येते. २५ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर पाणी काढून २० च्या खाली किंवा सुरुवातीच्या निम्म्यावर आणावे. लक्षणे आणि दाब टिकून असतील तर रोज. रुग्ण आणि नातेवाईक पाणी काढायला घाबरतात हे खरे. पण निदानानंतर किमान एकदा तरी उपचार म्हणून पाणी काढलेल्यांत मृत्यू खूपच कमी होते, सुरुवातीचा दाब काहीही असो. हे त्यांना सांगण्याचे काम डॉक्टरचे आहे.

याच पाण्यातून पेशींचा अभ्यास होऊ शकतो, वेगळी सुई लागत नाही. उपचार म्हणून २० मिलिलिटर काढले तर त्यातले १० मिलिलिटर पेशींसाठी सहज मिळतात. पेशी दोन प्रति मायक्रोलिटर असल्या तरी १० मिलिलिटरमध्ये वीस हजार होतात, आणि निम्म्या वाया गेल्या तरी फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे रंग लावून पेशींचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीला, दहा हजार उरतात. पण जिथे ही तपासणी होते तिथे ती बहुधा चुकते, आणि चुका ठरावीक आहेत.

पहिली चूक वेळेची. पाठीतल्या पाण्यात प्रथिने कमी असल्याने पांढऱ्या पेशी तिथे तग धरत नाहीत. न्यूट्रोफिल तर खोलीच्या तापमानाला दोन तासांत निम्म्यावर येऊ शकतात. वॉर्डातल्या टेबलावर दुपारपर्यंत पडलेल्या नळीतला ‘पेशी कमी’ हा निकाल रुग्णाबद्दल काहीच सांगत नाही. तासाभरात प्रयोगशाळा, नाहीतर पेशी स्थिर करणारे द्रावण असलेली नळी.

दुसरी चूक यंत्राची. बुरशीकण आकाराने लिम्फोसाइटच्या जवळपास असतात. स्वयंचलित मोजणी यंत्र त्यांना लिम्फोसाइट म्हणून मोजू शकते, आणि मग कोऱ्या पाण्याच्या रुग्णाला कागदावर शंभर पेशी मिळतात. ज्याला सगळ्यात जास्त जपायचे तोच ‘भरपूर पेशी’ गटात जातो. यावर उपाय जुनाच: न्यूबाउअरची काच आणि टर्कचे द्रावण. त्यातल्या आम्लाने तांबड्या पेशी फुटतात आणि जांभळ्या रंगाने पांढऱ्या पेशींची केंद्रके उठून दिसतात. बुरशीकणात तसे केंद्रक दिसत नाही, आणि कळी फुटलेली असेल तर प्रश्नच मिटतो. फ्लो सायटोमेट्रीत सीडी४५ चा रंग लावून, त्यावर उजळणाऱ्या पेशीच पुढे घ्याव्यात. बुरशीवर सीडी४५ नसते. त्याच बैठकीत आणखी एक सापळा: मोनोसाइटवरही फिकट सीडी४ असते. पाण्यात मोनोसाइटचा वाटा मोठा असू शकतो, तेव्हा आधी सीडी३ (टी पेशींची खूण) आणि मग सीडी४ असा क्रम ठेवला नाही तर मोनोसाइट सीडी४ पेशी म्हणून मोजले जातात, आणि एआरटीनंतर मोनोसाइट वाढले की ‘सीडी४ वाढले’ असा उलटा अर्थ निघतो.

तिसरी चूक रक्त मिसळण्याची, आणि पाचच्या उंबरठ्यावर ती निर्णायक ठरते. समजा पाण्यात सहा पांढऱ्या पेशी आणि ४,००० तांबड्या आल्या. रुग्णाच्या रक्तात त्याच दिवशी तांबड्या ३५ लाख आणि पांढऱ्या ३,५००, म्हणजे हजारास एक. तेव्हा सहातल्या चार पेशी सुईने आणलेल्या रक्तातल्या, आणि पाण्याच्या स्वतःच्या दोनच. सहावरून रुग्ण ‘पाचच्या वर’ धरला गेला असता. पुस्तकातले ठरीव गुणोत्तर न वापरता रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताचे वापरावे, कारण या रुग्णांत रक्तक्षय आणि पांढऱ्या पेशींची घट दोन्ही असतात. पेशींसाठी नेहमी शेवटची नळी द्यावी. तिच्यात रक्त सगळ्यात कमी असते.

आणि गोळा झालेल्या सीडी३ पेशी शंभराच्या आत असतील तर टक्केवारी लिहू नये. तीन पेशींतली एक म्हणजे ३३ टक्के, हे गणित म्हणून बरोबर आणि वैद्यक म्हणून निरर्थक.

रक्तातल्या आकड्यांनाही अशीच वळणे आहेत. अॅम्फोटेरिसिनने मूत्रपिंड मंदावते, त्यामुळे फ्लुसायटोसिन अंगात साचते आणि अस्थिमज्जा दबते. मग न्यूट्रोफिल आणि एकूण पांढऱ्या पेशी घटतात. झिडोव्हुडिन आणि कोट्रायमोक्साझोल त्यात भर घालतात. सीडी४ चा निव्वळ आकडा एकूण पांढऱ्या पेशींसोबत हलतो, टक्केवारी तितकी हलत नाही. म्हणून या रुग्णांत दोन्ही छापून यायला हवेत. निव्वळ आकडा घटला आणि टक्केवारी तशीच असेल तर आधी मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन पाहावे, एआरटीवर शंका घेऊ नये. स्टेरॉइड दिल्यावर काही तासांतच लिम्फोसाइट रक्तातून बाजूला होतात, त्यानंतर दुसऱ्या दिवशी काढलेला सीडी४ फसवा असतो. अॅम्फोटेरिसिन स्वतःच मोनोसाइटना चेतवते, त्यामुळे थंडीताप येतो आणि सायटोकाइन, म्हणजे पेशींचे संदेश, वाढतात. पेशी किंवा सायटोकाइनसाठीचे रक्त अॅम्फोटेरिसिनचे सलाइन लावण्याआधी घ्यावे, नाहीतर औषधाचा परिणाम आजाराच्या खात्यावर जमा होतो.

आता सगळ्यात वादाचा क्षण. एआरटी सुरू होऊन दीड-दोन महिने झाले, डोके पुन्हा दुखू लागले, उलट्या, ताप. वॉर्डात ‘आयरिस’ असे लिहून स्टेरॉइड सुरू होते आणि पाणी नंतर कधीतरी तपासले जाते. हे वरातीमागून घोडे झाले. पाणी आधी काढावे, दाब मोजावा, जिवंत बुरशी उगवते का ते पाहायला कल्चर लावावे. आयरिसमध्ये कल्चर निर्जंतुक असते आणि पेशी पूर्वीपेक्षा वाढलेल्या असतात. आजार उलटला असेल तर बुरशी उगवते. शाईत दिसलेले कण मेलेले असू शकतात, आणि बुरशीचे अंश ओळखणारी क्रिप्टोकॉकल प्रतिजनाची पट्टी महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहते, तेव्हा या दोन्हींवरून निकाल देता येत नाही. कल्चरही तिसऱ्या दिवशी ‘निगेटिव्ह’ म्हणून टाकू नये, दोन आठवडे ठेवावे. उलटला असेल तर कारण बहुतेक वेळा साधे असते: गोळ्या सुटल्या, फ्लुकोनॅझोलचा ८०० मिलिग्रॅमचा डोस आठ आठवड्यांआधीच २०० वर आणला, किंवा क्षयाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनने फ्लुकोनॅझोलची रक्तातली पातळी उतरवली.

खरोखर आयरिस असेल तर एआरटी चालू ठेवावी, दाब उतरवावा, बुरशीविरोधी औषध नीट करावे. जीवावर बेतेल असा दाह असेल तर प्रेडनिसोलोन, किलोमागे दिवसाला एक मिलिग्रॅम, आणि मग दोन ते सहा आठवड्यांत उतरवत न्यावे. सुरुवातीपासूनच सगळ्यांना स्टेरॉइड देण्याचा मोह मात्र २०१६ च्या क्रिप्टोडेक्स चाचणीने मोडीत काढला आहे: ४५१ रुग्ण, बुरशी हळू साफ झाली, अपंगत्व वाढले, चाचणी आवरती घ्यावी लागली. जो हुकूम आधीच क्षीण आहे तो दाबून मेंदूचे रक्षण होत नाही.

एक गट वेगळा काढायला हवा. आता या आजारासह येणारे अनेक रुग्ण एआरटी आधी घेतलेले असतात. कोणी सोडलेली, कोणी नुकतीच पुन्हा धरलेली, कोणाची निकामी झालेली. कोट चाचणीत फक्त एआरटी न घेतलेले रुग्ण होते, तेव्हा तिचे आकडे या गटाला जसेच्या तसे चिकटवू नयेत. इथे दाखल होतानाच तीन गोष्टी विचाराव्यात: शेवटची गोळी कधी घेतली, त्याआधी किती दिवस सलग, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, किती. दोन आठवड्यांपूर्वी सुरू केलेला आणि दोन वर्षांपासून निकामी औषधांवर असलेला, हे पेशींच्या दृष्टीने दोन निराळे रुग्ण आहेत, आणि नोंदवहीत दोघेही ‘एआरटीवर’ एवढेच असतात.

सर्वांसाठी एआरटी आल्यावर सीडी४ ची गरज संपली, असे समजून काही कार्यक्रमांनी ती तपासणी बाजूला टाकली. आम्हाला हे मान्य नाही. सीडी४ कळले नाही तर प्रतिजनाची पट्टी कोणाला लावायची हेच कळत नाही. १०० च्या खाली ती लावायलाच हवी, २०० पर्यंत लावलेली बरी. पट्टीला सीरम किंवा प्लाझ्माचा एक थेंब आणि दहा मिनिटे लागतात. प्रतिजन अतिशय जास्त असेल तर पट्टी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. लक्षणे असतील तर नमुना पातळ करून पुन्हा लावावी. डोकेदुखीची तक्रार नाही म्हणून पट्टी न लावता त्याच दिवशी एआरटी दिली, तर अंगात बुरशी असलेल्या रुग्णाचा मेंदूज्वर काही आठवड्यांनी उघडा पडू शकतो.

तेव्हा आमची मागणी. क्रिप्टोकॉकल मेंदूज्वराच्या रुग्णांना ‘निदानापासून एआरटी’च्या मोजमापातून वगळा आणि त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा: बुरशीविरोधी औषधाचा पहिला दिवस आणि एआरटीचा पहिला दिवस यांतले अंतर. २८ दिवसांच्या आत असेल तर कारण लिहायला लावा. ४२ च्या पुढे गेले तरी लावा, कारण थांबवलेला रुग्ण हरवला तर तोही याच आजाराचा बळी आहे. शेजारी चार नोंदी असाव्यात: पहिल्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी (काचेवर मोजलेल्या, रक्ताचा हिशेब वजा करून), दाब, चौदाव्या दिवसाच्या पाण्याचे कल्चर, आणि सीडी४ आकडा व टक्केवारी दोन्ही. पाचच्या आत पेशी असलेल्या रुग्णाच्या कागदावर लाल खूण करावी, म्हणजे पुढच्या बाह्यरुग्ण विभागातला नवा डॉक्टर त्याला घाईने गोळ्या सुरू करणार नाही.

आणि घरी सोडताना हातात औषध द्या. चौदाव्या दिवसानंतर फ्लुकोनॅझोल ८०० मिलिग्रॅम रोज, आठ आठवडे: २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर रोज चार, एकूण २२४. अठ्ठावीस दिवसांच्या ११२ गोळ्या एकदम दिल्या तर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत खंड पडत नाही. डिस्चार्ज कार्डावर एआरटी सुरू करण्याची तारीख आधीच लिहा. ‘नंतर या’ ही तारीख नव्हे. फोन करणाऱ्या समुपदेशकाला ती तारीख आणि कार्डावरची लाल खूण दोन्ही कळवा. डोकेदुखी, दुहेरी दिसणे, कमी ऐकू येणे किंवा गुंगी आली तर तारखेची वाट न पाहता रुग्णाला परत आणायचे, हे घरच्यांना सांगून ठेवा. रुग्णाला स्वतःला गुंगीत ते सांगता येणार नाही.

आपले,
एचआयव्ही आणि मेंदूज्वर यांवर काम करणारे चिकित्सक, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ